मंडळीच्या तरुण संघाची ग्वाटेमालातील मिशन-यात्रा : जावे, की जाऊ नये?

प्रश्न : कोलंबसची_नगरकर

सर्वांना सलाम.

आम्ही मूळचे अहमदनगरचे (आता अहिल्यानगर म्हणायचे, पण जीभ वळत नाही). सध्या ओहायोतील कोलंबस येथे राहतो आणि घराजवळच्या एका अमेरिकन मंडळीत (चर्चमध्ये) उपासनेला जातो. या मंडळीचा तरुण संघ येत्या जुलैमध्ये आठवडाभरासाठी ग्वाटेमालाला, अतित्लान सरोवराच्या परिसरातील एका डोंगरी खेड्यात जाणार आहे. सकाळी घरोघरी धुराड्याच्या चुली बांधायच्या, दुपारी मुलांसाठी व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतील बायबल शाळा घ्यायची, एक दिवस आरोग्य शिबिर आणि शेवटी अँटिग्वा शहरात फेरफटका, असा कार्यक्रम ठरला आहे. माणशी खर्च १,९०० डॉलर असून एकूण अठरा जण जाणार आहेत. माझी सोळा वर्षांची मुलगी जाण्यासाठी हट्ट धरून बसली आहे आणि गटाबरोबर प्रौढ बाई हवी म्हणून मलाही विचारणा झाली आहे.

माझी अडचण अशी की, खर्चासाठी प्रत्येकाने नातेवाइकांना पाठवायच्या पत्राचा एक नमुना समितीने दिला आहे. त्यावर अनवाणी उभ्या असलेल्या एका मुलीचे छायाचित्र आहे आणि खाली तिच्या चेहऱ्यावर हसू फुलवण्यासाठी मदत मागितली आहे. हे पत्र मी नगरच्या आत्याबाईंना कोणत्या तोंडाने पाठवू? आमच्या लहानपणी परदेशी पाहुणे आले की शब्बाथ शाळेत आम्हालाच पुढे उभे करून छायाचित्रे काढली जात असत. ते पाहुणे मनाने वाईट नव्हते आणि हे लोकही नाहीत. मंडळीने आम्हाला फार जीव लावला आहे. म्हणूनच नकार द्यायचा तर तो कारणासहित द्यावा आणि जायचे तर डोळे उघडे ठेवून जावे, असे वाटते. अशा यात्रांचा तिथल्या लोकांना खरोखर किती उपयोग होतो? समितीला नेमके काय विचारावे?

आणखी एक व्यावहारिक शंका. माझे पती एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहेत, मी आणि मुलगी एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर. मुदतवाढीचे कागद मंजूर आहेत, मात्र पासपोर्टवरचे व्हिसाचे शिक्के संपलेले आहेत. त्याने काही अडते का?

उत्तर : शिकागोकर

उपयोगाच्या प्रश्नावर एक अभ्यास आवर्जून सांगण्याजोगा आहे. १९९८ च्या ऑक्टोबरअखेरीस मिच चक्रीवादळाने होंडुरासची वाताहत केली आणि त्यानंतर उत्तर अमेरिकेतील मंडळ्यांचे गटच्या गट घरे बांधण्यासाठी तिकडे लोटले. मिशिगनमधील कॅल्विन कॉलेजचे (आता कॅल्विन विद्यापीठ) समाजशास्त्रज्ञ कर्ट वेर बीक हे स्वतः होंडुरासमध्येच राहत असल्यामुळे त्यांनी दोन्ही बाजूंना विचारले : ज्यांना घरे मिळाली त्यांना आणि जे बांधायला आले त्यांनाही. परदेशी गटांनी बांधलेल्या घरात राहणारे आणि स्थानिक ख्रिस्ती संस्थेने गवंडी लावून बांधलेल्या घरात राहणारे यांच्या आयुष्यात म्हणावा असा फरक त्यांना आढळला नाही. घराचा बांधकामखर्च सुमारे २,००० डॉलर होता, तर बांधायला आलेल्या एका गटाचा एकूण खर्च सरासरी ३०,००० डॉलरच्या घरात जात होता. तेवढ्या पैशांत आणखी किती घरे उभी राहिली असती, हा हिशेब होंडुरासच्या लोकांनाही सुचला होता. मात्र पाहुणे आले याचा आनंद झाला, असेही त्यांच्यापैकी अनेकांनी सांगितले, हे लपवणे बरोबर होणार नाही.

दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. "तिथल्या लोकांचे राहू द्या, पण आमच्या मुलांचे आयुष्य बदलते," असा युक्तिवाद समिती हमखास करील. वेर बीक यांनी तोही तपासला. यात्रेनंतर आपण अधिक प्रार्थना करतो, अधिक दान देतो, असे लोक सांगतात. पण सांगण्यातला हा बदल प्रत्यक्षात त्या प्रमाणात टिकलेला त्यांना दिसला नाही. वेर बीक हे मिशनच्या विरोधातले गृहस्थ नव्हेत, श्रद्धावंत आहेत. त्यामुळे त्यांचे म्हणणे समितीने सहज झटकून टाकू नये.

आपल्या यात्रेचे गणित तर सरळ आहे. अठरा गुणिले १,९०० म्हणजे ३४,२०० डॉलर. यातले विटा, सिमेंट, लोखंडी तवे आणि स्थानिक गवंड्यांची मजुरी यांसाठी किती आणि विमानासाठी किती, एवढे एकच पान मागा.

उत्तर : सावेडीकर

ताई, मी नगरलाच असतो आणि आमच्या मंडळीकडे असे गट येत असत त्या काळात त्यांच्या व्यवस्थेत होतो, तेव्हा यजमानांच्या बाजूने चार गोष्टी लिहितो.

पाहुणे येणार म्हटले की पाळकसाहेबांचे महिनाभराचे वेळापत्रक कोलमडते. आजाऱ्यांच्या भेटी आणि घरोघरच्या प्रार्थनासभा मागे पडतात. महिला मंडळाच्या बायका पहाटेपासून बिनतिखटाचा स्वयंपाक करतात आणि इंग्रजी येणारी आमची दोन-तीन तरुण मंडळी आपापल्या नोकऱ्यांवर रजा टाकून दुभाषी म्हणून दिवसभर उभी राहतात. हा खर्च पाहुण्यांच्या हिशेबात कुठेच येत नाही. सर्वांत मोठी गंमत व्हीबीएसची. आपल्याकडे ती मे महिन्यात होते. अमेरिकेतले गट यायचे ते त्यांच्या सुट्टीत, जून-जुलैत. तेव्हा आमच्या शाळा नुकत्याच उघडलेल्या असत, पुस्तके-गणवेशाची धावपळ चालू असे आणि गावाकडच्या सभासदांच्या पेरण्या चाललेल्या असत. तरीही मुले गोळा केली जात, कारण पाहुण्यांना मुलांशिवाय परत कसे पाठवायचे? एका वर्षी वर्ग भरावेत म्हणून मुलांना शाळा बुडवायला सांगण्यात आले. तेव्हा एका शिक्षिकेने, त्या मंडळीच्याच सभासद होत्या, सभेत उभे राहून विरोध केला आणि त्यांचे बरोबर होते.

ग्वाटेमालात शालेय वर्ष जानेवारीत सुरू होऊन ऑक्टोबरात संपते. म्हणजे आपल्या जुलैमधील 'सुट्टीतील' बायबल शाळा त्यांच्या ऐन शाळेच्या दिवसांत येते. शिवाय मे ते ऑक्टोबर हा तिकडचा पावसाळा. तेव्हा समितीला पहिला प्रश्न असा विचारा की, जुलै महिना कोणी निवडला. तिथल्या मंडळीने निवडला असेल, तर माझे पुढचे सगळे म्हणणे मागे घेतो.

आपल्या जिल्ह्याला मिशनचे वावडे कधीच नव्हते. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. सावित्रीबाई फुले यांचे अध्यापनाचे प्रशिक्षण त्यांच्याकडे झाले. फरारबाईंनी आधी मराठी शिकून घेतली आणि मग शिकवायला उभ्या राहिल्या. आठवडाभरात येऊन काही करून दाखवावे, अशी सोय त्यांना नव्हती. आज कोणी पस्तीस वर्षे येऊन राहावे, अशी अपेक्षा अर्थातच नाही. परंतु जे काम करायला मुक्काम लागतो, ते आठवड्यात उरकू नये.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी गटांना सहसा ठाऊक नसते. भारतात मिशनकार्यासाठी वेगळा व्हिसा लागतो. पर्यटक व्हिसावर येऊन प्रचार केला तर पाहुण्याला सहसा परत पाठवतात, पण चौकशीला तोंड देत इथेच राहावे लागते ते यजमान पाळकाला. पाहुण्यांनी निघताना भावनेच्या भरात हातात ठेवलेल्या डॉलरचेही तसेच. परदेशी देणगीचा कायदा येथे कडक आहे आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर तो अधिकच कडक झाला. ग्वाटेमालात इतके निर्बंध नसतील, परंतु "आपल्या येण्याचे परिणाम आपण गेल्यावर कोण भोगणार?" हा प्रश्न तिथेही तितकाच लागू पडतो.

उत्तर : धूर_आणि_चूल

मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून केवळ चुलींबद्दल लिहिते.

चूल हा विषय अगदी योग्य निवडलेला आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात आजही अनेक घरांत तीन दगडांच्या उघड्या चुलीवर स्वयंपाक होतो. मका चुन्याच्या पाण्यात बराच वेळ शिजवायचा, तो दळून त्याच्या तोर्तिया थापायच्या आणि तव्यावर भाजायच्या, यात बाईचे दिवसाचे कित्येक तास धुरात जातात. पाठीशी बांधलेले मूलही तोच धूर घेते. यावर सान मार्कोस भागात एक नावाजलेला प्रयोग झालेला आहे. कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३४ घरांपैकी निम्म्या घरांत चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून धुराड्याच्या चुली बसवल्या आणि तान्ह्या मुलांच्या न्यूमोनियाची नोंद ठेवली. २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले. मुलांच्या अंगी जाणारा धूर सरासरी निम्म्यावर आला, तरी एकूण न्यूमोनियातील घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे सिद्ध झाली नाही. गंभीर न्यूमोनिया मात्र सुमारे एक-तृतीयांशाने कमी झाला. (हेच स्मिथ १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातच्या खेड्यांत चुलीपाशी बसून धूर मोजत होते.)

त्या प्रयोगात चुली बसवून लोक निघून गेले नाहीत. दर आठवड्याला कार्यकर्ते घरी जात, चुलीला तडा गेला तर दुरुस्ती होई. धुराड्यात काजळी साचली आणि ती कोणी काढली नाही, तर धूर पुन्हा घरातच फिरतो आणि बाई कंटाळून जुने तीन दगड मांडते. आपल्याकडच्या निर्धूर चुलींच्या सरकारी मोहिमांत हेच घडले. म्हणून समितीला विचारावे : मागच्या वर्षी बांधलेल्या चुलींपैकी आज किती पेटतात, हे कोणी पाहिले आहे का? मक्याचे मोठे भांडे त्या चुलीवर बसते का? बिघडल्यास बाईने कोणाकडे जायचे? आणि सोळा वर्षांच्या मुलांनी पावसाळ्यात रचलेल्या विटांचा सांधा गवंड्याला नंतर उकलून पुन्हा भरावा लागतो का? शेवटचा प्रश्न खवचट वाटेल, पण गवंड्याला एकांतात विचारून पाहा.

आरोग्य शिबिराविषयी मात्र माझे मत कठोर आहे. रक्तदाब तपासून महिनाभराच्या गोळ्या द्यायच्या आणि निघून जायचे, याला उपचार म्हणत नाहीत. एकतिसाव्या दिवशी काय, याचे उत्तर गावच्या आरोग्य केंद्राकडे असेल तरच ते शिबिर घ्यावे. आणि अमेरिकेत जे काम ज्या मुलाला परवान्याशिवाय करू देत नाहीत, ते त्याने ग्वाटेमालातही करू नये, मग ते बोटाला सुई टोचण्याइतके किरकोळ का असेना.

उत्तर : वसईचा_पाहुणा

वरील सर्व मुद्दे पटले, तरी सगळा हिशेब डॉलरमध्ये मांडणे मला अपुरे वाटते. बायबलच्या नव्या करारातील प्रेषित पौलाने मासेदोनिया आणि करिंथ येथील मंडळ्यांकडून यरुशलेमच्या गरीब पवित्र जनांसाठी वर्गणी गोळा केली, ती केवळ कोणाच्या तरी हाती धाडून दिली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसे तिच्याबरोबर गेली. पैशाला चेहरा असावा, देणाऱ्याने घेणाऱ्याच्या घरी बसून जेवावे, यात काही गैर नाही. माझ्या ओळखीची कितीतरी मुले अशा यात्रेनंतर स्पॅनिश शिकली, कोणी परिचारिका झाली. हे अभ्यासाच्या तक्त्यात दिसत नाही म्हणून खोटे ठरत नाही.

अर्थात पौलाने करिंथकरांस लिहिलेली दोन्ही पत्रे वाचल्यास असेही दिसते की जाणारी माणसे थोडी होती, मंडळीने पारखून निवडलेली होती आणि एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष लावू नये, हा त्यामागचा हेतू स्पष्ट लिहिलेला आहे. तेव्हा अठराऐवजी चार जणांनी जावे, हिशेब पाहावा, गवंड्यांशी आणि बायकांशी बोलावे आणि उरलेल्या चौदा जणांच्या तिकिटाचे पैसे चुलींना द्यावेत, असे समितीला सुचवता येईल. चौघांत दोन तरुण असू द्या.

उत्तर : अतित्लान_वाचक

ज्या सरोवराचा उल्लेख आला आहे, त्याचा इतिहास जाणाऱ्यांनी वाचून जावा, म्हणून लिहितो.

४ फेब्रुवारी १९७६ च्या भूकंपात ग्वाटेमालात सुमारे २३,००० माणसे मेली. मदतीसाठी आलेल्यांत कॅलिफोर्नियातील युरेका येथील एका मंडळीचा गट होता. घरे बांधता बांधता त्यांनी राजधानीत 'व्हर्बो' नावाची मंडळी स्थापन केली. पुढे जनरल एफ्राईन रिओस माँट हे त्या मंडळीत सामील झाले आणि मार्च १९८२ मध्ये ते लष्करी उठावातून सत्तेवर आले. त्यांच्या सुमारे दीड वर्षांच्या राजवटीत डोंगरांतील माया या मूळनिवासी लोकांच्या गावांवर लष्कराने जे केले, त्याबद्दल २०१३ मध्ये न्यायालयाने त्यांना वंशसंहारासाठी दोषी ठरवले. काही दिवसांतच घटनात्मक न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि २०१८ मध्ये, फेरखटला चालू असतानाच, ते वारले. १९६० ते १९९६ या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसे मारली गेली किंवा नाहीशी झाली, असा सत्यशोधन आयोगाचा अंदाज आहे, आणि ओळख पटलेल्या बळींत बहुसंख्य माया होते. त्या काळात अमेरिकेतले काही नामांकित प्रचारक दूरचित्रवाणीवरून रिओस माँट यांची भलामण करीत होते. बायबल हातात घेतलेला अमेरिकन पाहुणा गावात शिरतो, तेव्हा साठीतल्या माणसांना काय काय आठवत असेल, याची कल्पना समितीला असावी.

त्याच सरोवराकाठी सान्तियागो अतित्लान येथे स्टॅनली रोदर नावाचे ओक्लाहोमाचे कॅथलिक धर्मगुरू १९६८ पासून राहत होते. शेतकऱ्याचा मुलगा, तिथली त्झुतुहिल ही माया भाषा शिकले, लोकांबरोबर शेतात राबले. मारेकऱ्यांच्या यादीत नाव आल्यावर ते काही काळ मायदेशी गेले आणि परत आले. २८ जुलै १९८१ रोजी मध्यरात्रीनंतर त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. देह ओक्लाहोमाला नेला, पण गावकऱ्यांच्या आग्रहाखातर हृदय तिथल्या चर्चमध्येच पुरले. कॅथलिक मंडळीने २०१७ मध्ये त्यांना धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले.

आणखी एक. सरोवराकाठचे लोक शतकानुशतके ख्रिस्ती आहेत, कोणी कॅथलिक, कोणी इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंट), आणि एकेका खेड्यात अनेक मंडळ्या असतात. त्यामुळे व्हीबीएसमध्ये आपण नेमके कोणाला काय ऐकवणार आहोत, आणि यजमान मंडळीची शेजारच्या मंडळीशी असलेली चढाओढ तर आपण नकळत वाढवत नाही ना, हेही पाहावे. तरुणांपैकी कोणी स्पॅनिश बोलत असेल तर उत्तमच, पण डोंगरातील अनेक वयस्क बायकांना काकचिकेल किंवा त्झुतुहिल ही माया भाषाच नीट येते; दुभाषी दोन लागतील.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : कोलंबसची_नगरकर

सर्वांचे मनापासून आभार. सावेडीकर दादा, तुमचा जुलैचा प्रश्न मी काल समितीच्या बैठकीत विचारला. खोलीत जरा शांतता पसरली. मग कळले की यजमान मंडळीने नोव्हेंबर सुचवला होता, कारण तेव्हा त्यांच्या शाळांना सुट्टी असते आणि पाऊसही ओसरलेला असतो; परंतु आमच्या मुलांना नोव्हेंबरात सुट्टी नाही म्हणून जुलै ठरवण्यात आला. मागच्या चुलींची पाहणी कोणी केलेली नाही, हेही कळले. खर्चाचे पान कोषाध्यक्षांनी लगेच दाखवले : साहित्य आणि स्थानिक मजुरी मिळून ४,६०० डॉलर, बाकी प्रवास, निवास, विमा आणि सारखे टी-शर्ट.

वसईच्या पाहुण्यांची चार जणांची सूचना मी मांडली. दोघांना पटली, तरुण संघाच्या प्रमुखांना पटली नाही. मुलांची वर्षभराची तयारी आहे, त्यांचा विरस होईल, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते अगदीच चुकीचे नाही. छायाचित्राचे पत्र मात्र मागे घेतले आहे. मुलगी माझ्याशी सध्या जेवढ्यास तेवढे बोलते. व्हिसाबद्दल कोणी सांगेल का?

उत्तर : शिकागोकर

व्हिसाबद्दल लिहायचे राहूनच गेले. शिक्का संपलेला असताना केवळ मंजुरीच्या कागदावर परत येण्याची जी सवलत आहे, ती तीस दिवसांपर्यंतच्या कॅनडा आणि मेक्सिको प्रवासापुरती आहे. एच-४वरील व्यक्तींना ग्वाटेमालाहून परतताना ती लागू होत नाही. म्हणजे तुम्ही आणि मुलगी गेलात, तर परत येण्यापूर्वी अमेरिकन वकिलातीत नवा शिक्का घ्यावा लागेल, आणि अलीकडे आपल्या राष्ट्रीयत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच अर्ज करावा, असा नियम झालेला असल्यामुळे व्यवहारात तुम्हाला मुंबई गाठावी लागेल. मुलाखतीची तारीख जुलैपूर्वी मिळण्याचा भरवसा धरू नका. वकिलाकडून एकदा खात्री करून घ्या, पण तिकिटाचे पैसे त्याआधी भरू नका. गटातील इतर स्थलांतरित कुटुंबांनाही हे कळवा. अमेरिकन पासपोर्ट असलेल्या समितीच्या हे लक्षात येण्याचे कारण नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : कोलंबसची_नगरकर

वकिलांनीही हेच सांगितले. त्यामुळे या जुलैत आम्ही दोघी जाणार नाही. आमच्या वाटचे ३,८०० डॉलर चुलींचे साहित्य आणि गवंड्यांची मजुरी यांसाठी द्यायची तयारी दाखवली आहे. अट एवढीच घातली की नोव्हेंबरमध्ये स्थानिक मंडळीच्या कोणीतरी जुन्या आणि नव्या चुली घरोघरी जाऊन पाहाव्यात आणि त्या कामाचा मेहनतानाही याच रकमेतून द्यावा. धूर_आणि_चूल ताई, त्या पाहणीसाठी विचारायच्या प्रश्नांची साधी यादी तुम्ही करून द्याल का? स्पॅनिशमध्ये उतरवण्याचे काम मुलीने आपणहून घेतले आहे.